टाके घालायचे की नाही, ते एकदा लिहून द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
इंडियन नर्सिंग कौन्सिल, नवी दिल्ली;
तसेच २०२३ च्या कायद्याने कौन्सिलची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचे सदस्य



१४ जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात, हानगल तालुक्यातल्या आडूरच्या आरोग्य केंद्रात सात वर्षांच्या एका मुलाला गालावर खोल जखम झाली म्हणून आणलं होतं. ड्यूटीवरच्या परिचारिकेने टाके न घालता जखमेला फेविक्विक लावलं. आईवडिलांनी जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, की टाक्यांचा व्रण चेहऱ्यावर कायम राहतो, आणि हे आपण कित्येक वर्षं करत आलो आहोत. आईवडिलांनी व्हिडिओ काढला, तक्रार केली. आधी तिची दुसऱ्या केंद्रात बदली झाली. लोकांचा संताप वाढला तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने तिला निलंबित केलं. मुलाला काही अपाय झाला नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट.

तिने केलं ते चूकच होतं. दुकानातला डिंक निर्जंतुक नसतो आणि तो कातडीसाठी बनवलेलाही नसतो. जखम बंद करायला त्याच कुळातला वेगळा वैद्यकीय डिंक मिळतो, अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. पण मी आजवर पाहिलेल्या एकाही सरकारी आरोग्य केंद्राच्या कपाटात तो नव्हता. तिची बाजू घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

मला त्या दिवसांतल्या बातम्यांमधली एक गोष्ट खटकली. टाके घालायला हवे होते, तिने डिंक लावला, असा सगळ्यांचा सूर होता. म्हणजे परिचारिकेने टाके घालायला हवे होते, हे वाचणारे-बोलणारे सगळे धरूनच चालले. तिला टाके घालायचा अधिकार आहे का, हे विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. समजा, तिने रेशमी धाग्याने नीट तीन टाके घातले असते आणि चौथ्या दिवशी जखमेत पू झाला असता, तर चौकशी समितीपुढे कुठला कागद ठेवून तिने सांगितलं असतं, की हे माझं काम होतं, मला ते शिकवलं आहे आणि करायची परवानगी आहे? तो कागद आम्हाला देणं हे आपलं काम आहे. म्हणून हे पत्र आपल्या नावे.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. जीएनएम मिरजेला केलं, पहिली नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. लग्नानंतर म्हैसूरला आले आणि कर्नाटक कौन्सिलकडे नाव वर्ग करून घेतलं. नोकरीतली बहुतेक वर्षं कॅज्युअल्टीत गेली. म्हैसूर हे तसं दवाखान्यांचं गाव. के. आर. हॉस्पिटल आहे, बायका-मुलांसाठी चेलुवांबा आहे, जेएसएस आहे, मंडी मोहल्ल्यातलं १९०६ सालचं होल्ड्सवर्थ मिशन हॉस्पिटल आहे, शिवाय गल्लोगल्ली नर्सिंग होम. एच. डी. कोटे, नंजनगूड, हुणसूर, टी. नरसीपूर, सगळीकडचा पेशंट शेवटी इथे येतो. ऊस तोडताना लागलेला कोयता, नारळ सोलताना हातात घुसलेलं पातं, दुचाकीवरून पडून फुटलेली कपाळं, भांडणात फुटलेल्या बाटल्या. दसऱ्याच्या दिवसांत तर बसायला फुरसत नसते.

या गावात, आणि त्याआधी सांगली-मिरजेतही, मी पाहिलं आहे की टाके परिचारिका घालतात. सगळीकडे नाही, रोजही नाही. पण रात्री दोन वाजता ड्यूटी डॉक्टर एकटा आहे, तो आयसीयूत अडकला आहे, कॅज्युअल्टीत तिघं रक्तबंबाळ बसले आहेत, तेव्हा फोनवर आवाज येतो, ‘सिस्टर, तेवढे दोन टाके घालून टाका, मी येतो.’ पेशंटची बायको हात जोडते, ‘नीवे होलिगे हाकि सिस्टर,’ तुम्हीच टाके घाला म्हणून. सिस्टर हात धुते, ट्रे उघडते, नीडल होल्डर उचलते. टाके पडतात, रक्त थांबतं. पुढे केसपेपरवर प्रोसिजर करणाऱ्याच्या जागी डॉक्टरांचं नाव येतं आणि बिलात मायनर ओटीचा आकार लागतो. सिस्टरचं नाव फक्त ‘असिस्टेड बाय’च्या रकान्यात, तेही कुणाला आठवलं तर. एका ठिकाणी, ज्याचं नाव मी इथे घेणार नाही, टाके घालणारा माणूस परिचारिकाही नव्हता. ड्रेसर म्हणून लागलेला वॉर्डबॉय वर्षानुवर्षं हे काम करत होता आणि नव्या इंटर्न मुलांना तोच शिकवायचा. त्याच्या हाताला वळण होतं, यात शंका नाही. पण कुठली जखम शिवायची नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

माझी पहिली तक्रार ही, की या देशात हे काम परिचारिकेचं आहे की नाही, याचं उत्तर कुठल्याही एका कागदावर नाही. १९४७ च्या कायद्याने आपलं कौन्सिल स्थापन झालं ते शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा राहावा म्हणून. महाराष्ट्राचा १९६६ चा नर्सेस कायदा नोंदणी, परीक्षा, शिस्त यांबद्दल बोलतो. नोंदणी झालेल्या परिचारिकेने स्वतःच्या हाताने काय करावं आणि काय करू नये, ही रेघ कुणीच आखलेली नाही. दुसऱ्या बाजूने पाहावं तर २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याचं ३४ वं कलम सांगतं, की नोंदणीकृत डॉक्टर नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोटरीवरच्या तीन सेंटिमीटरच्या चिरेला दोन टाके घालणं हा वैद्यकीय व्यवसाय झाला की परिचर्या? मी मेट्रनना विचारलं, त्या म्हणाल्या, डॉक्टर सांगतील तर घाल. अधीक्षकांना विचारलं, ते म्हणाले, हॉस्पिटलच्या धोरणात नाही, पण अडचणीत चालतं. एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, काही होईपर्यंत चालतं. तीन माणसं, तिघंही भली, आणि एकाचंही उत्तर मला कागदावर मिळालं नाही.

दुसरी तक्रार आपल्याच अभ्यासक्रमाबद्दल आहे. आपणच ठरवून दिलेल्या मिडवाइफरीच्या प्रात्यक्षिकात एपिसिओटॉमी, म्हणजे बाळंतपणात योनिमुखाला द्यावी लागणारी चीर, करणं आणि ती शिवणं येतं. आम्ही ते विद्यार्थिदशेत लेबर रूममध्ये शिकलो, करून दाखवलं, लॉगबुकवर सही घेतली. ज्यांनी ते केलं नसेल त्यांना सांगते. बाळंतिणीचं ते शिवण तीन थरांचं असतं. आत योनीच्या अस्तराला, फाटलेल्या टोकाच्या थोडं वरून सुरुवात करायची, कारण तिथे आत ओढली गेलेली रक्तवाहिनी सुटली तर बाई आतल्या आत रक्त सांडत राहते. मग स्नायूंचा थर, मग वरची कातडी. खाली गुदद्वार इंचभरावर. उजेड बहुधा अपुरा, बाई थरथरत असते, बाळ रडत असतं. हे काम एकविसाव्या वर्षी आमच्या हाती द्यायला आपल्याला भीती वाटली नाही. तीच मुलगी परीक्षा पास होऊन कॅज्युअल्टीत आली, की कपाळावरची सरळ, वरवरची, स्वच्छ चीर तिने शिवावी का, यावर आपण काहीच बोलत नाही. बाळंतपणाच्या खोलीत तिचा हात भरवशाचा आणि दोन खोल्या पलीकडे नाही, यामागे काय विचार आहे तो मला खरोखर समजून घ्यायचा आहे.

इतरांसाठी मात्र याद्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्य या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकावयाच्या शस्त्रक्रियांची यादीच अधिसूचित केली, ३९ आणि १९ मिळून ५८. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबरला देशभर बाह्यरुग्ण सेवा बंद ठेवून विरोध केला. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवायला मी बसलेली नाही. मला एवढंच दिसतं, की एका परिषदेने आपल्या माणसांसाठी लेखी भूमिका घेतली आणि त्यासाठी टीकाही सोसली. त्याआधी, २०१८ पासून, आयुष्मान भारतच्या उपकेंद्रांवर बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांनाही इग्नूचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून बसवलं. त्याच वर्षी मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाने नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडवायचं ठरलं. आपण स्वतः क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी एमएस्सीचा अभ्यासक्रम आणला. म्हणजे परिचारिकेच्या हाती अधिक काम देता येतं, हे तत्त्व देशाने मान्य केलेलं आहे. कॅज्युअल्टीतली साधी स्टाफ नर्स तेवढी त्या मान्यतेबाहेर राहिली. तिची संख्या सगळ्यात जास्त, आणि रात्री दोन वाजता असते तीच.

आता मी त्या कामाबद्दल बोलते, कारण या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ लोक टाका म्हणजे सुई-दोऱ्याचं काम समजतात. सुई चालवणं आठवड्याभरात येतं. कठीण आहे ते सुई हातात घेण्याआधीचं.

एका संध्याकाळी सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आला. नारळ फोडताना कोयता निसटून डाव्या तळहाताला लागला होता. रुमाल काढला तर जखम अगदी नीटस होती, कडा सरळ, दोन-अडीच सेंटिमीटर, रक्त जवळजवळ थांबलेलं. कुणीही म्हणालं असतं, तीन टाके आणि घरी. मी त्याला जागा बधिर करणारं लिग्नोकेन द्यायच्या आधी बोटं एकेक करून वाकवायला सांगितली. मधला सांधा धरून ठेवायचा आणि फक्त शेवटचं पेर वाकवायला सांगायचं, अशी ती तपासणी असते. तर्जनी वाकली, मधलं वाकलं, करंगळी वाकली. अनामिकेचं टोक हललं नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता आणि दुसऱ्या हाताने ते बोट दाबून वाकवू पाहत होता. मग कापसाचं टोक लावून दोन्ही बाजूंची संवेदना तपासली, एका बाजूला त्याला काही कळत नव्हतं. आत स्नायुबंध तुटला होता, बहुधा नसही. मी जखम धुतली, ओलं निर्जंतुक ड्रेसिंग केलं, हात उंच बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, डॉक्टरांना बोलावून सर्जनकडे चिठ्ठी करून घेतली. त्या रात्री त्याच्या तळहातावर एकही टाका पडला नाही, आणि तेच योग्य होतं. वरून कातडी शिवून घरी पाठवला असता तर टाके छान भरून आले असते आणि बोटाचं टोक जन्मभर सरळ राहिलं असतं. तपासणीआधी बधिरतेचं इंजेक्शन दिलं असतं, तर नस गेली आहे हे तेव्हा कळलंच नसतं.

कुत्र्याच्या चाव्याचंही असंच. घरचे लोक आग्रह करतात, एवढं मोठं भोक आहे, शिवा. रेबीजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, शक्यतो शिवायचं नाही. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, आणि टाका टाळताच येत नसेल तर त्यानंतर, तोही सैल. ओठाच्या लाल कडेवरून गेलेली चीर मिलिमीटरभर चुकली तरी ती पायरी जन्मभर दिसते, ती प्लास्टिक सर्जनने शिवावी. आत काच राहिली असेल, सांध्यात जखम उतरली असेल, शेणामातीत माखून दिवस उलटला असेल, तर सुई खाली ठेवायची. शिकवायचं आहे ते हे. ज्या परिचारिकेला हे सगळं शिकवलं आहे, जिची परीक्षा घेतली आहे, तिच्या हातचे टाके पेशंटसाठी सुरक्षित आहेत. जिला न शिकवता फोनवरून सांगितलं आहे, तिच्या हातचे नाहीत. आज आपल्याकडे दुसरी पद्धत चालू आहे. पहिलीची मागणी केली, की मर्यादा ओलांडते आहे असं ऐकावं लागतं.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे आणि आमच्यातल्या पुष्कळ जणींना ती माहीतही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसं झालं तर दोन वर्षांपर्यंत. नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे कोण, तेही तिथेच सांगितलं आहे. नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचं नाव त्या नोंदवहीत नसतं. जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली सगळ्यांना सारखीच, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. आता एकाच टेबलावर, एकाच पेशंटवर, एकाच चुकीसाठी डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि त्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या परिचारिकेला कमाल पाच. लिग्नोकेन रक्तवाहिनीत गेलं किंवा वजनाच्या मानाने जास्त झालं तर माणूस दगावू शकतो, ही भीती नुसती पुस्तकातली नाही. डॉक्टरांसाठी सवलत मागायला त्यांच्या संघटना सरकारपर्यंत गेल्या, त्यात गैर काही नाही. आमच्या वतीने बोलायचं ते आपण. कायदा होताना परिचारिकांच्या बाजूने कुणाचा आवाज मला ऐकू आला नाही.

डॉक्टर मित्रांचा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, आज टाके द्याल, उद्या गावाकडच्या केंद्रात डॉक्टर नेमायचंच सरकार बंद करेल, सिस्टर आहे की म्हणेल. ही भीती खरी आहे. एच. डी. कोटेच्या जंगलाकडेच्या हाड्यांमधून, म्हणजे आदिवासी वस्त्यांमधून, येणाऱ्या जेनू कुरुब बाईला डॉक्टर मिळायलाच हवा, माझ्यासारखी परिचारिका हा त्याला पर्याय नाही. पण तिथून म्हैसूरपर्यंतची वाट पन्नास-साठ किलोमीटरची आहे. ज्या रात्री केंद्रात डॉक्टर नसतो त्या रात्री पायावरच्या साध्या चिरेसाठी तिने जीप भाड्याने करावी, मजुरी बुडवावी, आणि पोचेपर्यंत जखम जुनी होऊन शिवण्याजोगीच राहू नये, हे कुणाच्या हिताचं? ब्रिटनमध्ये इमर्जन्सी नर्स प्रॅक्टिशनर किरकोळ जखमा स्वतः तपासून शिवतात, आणि म्हणून तिथल्या इस्पितळांतले डॉक्टर कमी झालेले नाहीत. त्यांना अवघड पेशंटकडे बघायला वेळ मिळतो.

दुसरा आक्षेप माझ्याच मैत्रिणींचा आहे आणि मला तो जास्त लागतो. एकीने मला स्पष्ट सांगितलं, ‘ताई, हे मागू नकोस. चाळीस खाटांना आपण दोघी. उद्या टाकेही आपल्याच गळ्यात पडतील, पगार तोच राहील, आणि शिव्या जास्त.’ तिचं चुकतं आहे असं मला म्हणता येत नाही. माझं तिला उत्तर इतकंच, की टाके आत्ताही आपल्याच गळ्यात आहेत, फक्त नाव दुसऱ्याचं आहे. लेखी झालं तर नाही म्हणायचा हक्कही लेखी होईल. आज नाही म्हणणारी सिस्टर उद्धट ठरते, तिची रात्रपाळी वाढते. लेखी नियम असला तर ती नियमावर बोट ठेवून नाही म्हणू शकेल.

म्हणून माझ्या विनंत्या.

पहिली आणि मुख्य. परिचारिकेने कुठल्या जखमा शिवाव्यात आणि कुठल्या नाहीत, हे आपण लेखी जाहीर करावं. माझं मत विचाराल तर वरवरच्या, स्वच्छ, ताज्या, सरळ कडांच्या जखमा, डोक्याच्या कातडीवरच्या आणि हातापायांच्या, जिथे स्नायुबंध, नस, रक्तवाहिनी, सांधा यांना धक्का नाही, एवढ्या परिचारिकेकडे असाव्यात. पापणी, ओठाची कड, कान, तळहात, चावे, लहान मुलांचे चेहरे हे डॉक्टरांकडेच. सर्जनांनी ही यादी अजून आखूड केली तरी चालेल. पण यादी असावी आणि ती देशभर एक असावी, नाहीतर मिरजेची सिस्टर म्हैसूरला आली की तिचा हात बदलतो.

त्याला जोडून प्रशिक्षण. नुसतं लेक्चर आणि स्पंजवर सराव नको. कॅज्युअल्टीत, सर्जनच्या देखरेखीखाली, ठरावीक संख्येने केसेस, बधिरतेच्या औषधाचा वजनानुसार डोस, त्याची विषबाधा झाली तर काय करायचं, नस-स्नायुबंधाची तपासणी, आणि शेवटी परीक्षा. प्रमाणपत्राला मुदत असावी, दर काही वर्षांनी पुन्हा हात दाखवावा लागावा. ज्यांना हे काम करायचं नाही त्यांच्यावर ते लादू नये. आणि जिथे ही जबाबदारी द्याल तिथे माणसं आणि भत्ता वाढवा, हेही त्याच कागदात असू द्या. माझ्या त्या मैत्रिणीला मला तोंड दाखवायचं आहे.

मग नोंद. टाके ज्याने घातले त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक केसपेपरवर यावा, आणि फोनवरचा आदेश डॉक्टरांनी ठरावीक तासांत सहीने पक्का करावा. याबद्दल मी आग्रही आहे, कारण नोंदीची किंमत याच गावाने जगाला दाखवली आहे. होल्ड्सवर्थ हॉस्पिटलच्या प्रसूतिकक्षात १९३४ पासून प्रत्येक बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर लिहून ठेवला जात होता. साठेक वर्षांनी संशोधकांनी त्या वह्या उघडल्या, तीच बाळं म्हातारपणाकडे झुकलेली म्हैसूरच्या गल्ल्यांतून शोधून काढली, आणि जन्माच्या वेळचं वजन पुढच्या हृदयविकाराशी कसं जोडलेलं असतं हे १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या वह्या खऱ्या होत्या म्हणून ते शक्य झालं. आज आमच्या कॅज्युअल्टीच्या वह्या टाक्यांच्या बाबतीत खऱ्या नाहीत. परिचारिकांनी घातलेल्या किती टाक्यांत पू होतो, किती नीट भरतात, डॉक्टरांच्या तुलनेत काय, हे कुणाला तपासायचं म्हटलं तर तपासता येणार नाही, कारण कागदावर परिचारिकेने एकही टाका घातलेला नाही. आम्हाला परवानगी द्यावी की न द्यावी, हे ठरवायचा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो.

न्याय संहितेतल्या कलमाबद्दल आपण गृह आणि आरोग्य मंत्रालयांना पत्र लिहावं. लेखी कार्यकक्षेत राहून, वैद्यकीय आदेशानुसार काम करणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेलाही डॉक्टरांइतकीच तरतूद लागू व्हावी. हे काम आमच्या संघटनेने करावं असं कुणी म्हणेल. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासून आहे आणि तिने पुष्कळ केलं आहे. पण कायद्याने अधिकार आपल्याकडे आहे, आणि मंत्रालयात आपल्या पत्राला जे वजन असेल ते आमच्या निवेदनाला येणार नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. प्राथमिक केंद्रांत किमान धागा, सुया, निर्जंतुक ट्रे, चांगला दिवा आणि जखम चिकटवायच्या वैद्यकीय पट्ट्या असाव्यात, असं आपण राज्यांना कळवावं. लहान मुलाच्या गालावरची छोटी, वरवरची चीर पुष्कळदा या पट्ट्यांनीच नीट बंद होते, त्याला सुई लागत नाही. या पट्ट्या महाग नाहीत.

२०२३ च्या कायद्याने आयोगाखाली तीन मंडळं ठेवली आहेत, शिक्षणाचं, मूल्यांकनाचं आणि नीती व नोंदणीचं. वरच्या विनंत्यांपैकी कुठली कुठल्या मंडळाकडे जाईल, ते आपल्याला अधिक कळतं. कौन्सिलने करायचं की आयोगाने, या वादात मात्र हे अडकू नये. कॅज्युअल्टी आज रात्रीही चालू आहे.

आपण पूर्ण विचार करून असंही ठरवू शकता, की या देशात परिचारिकेने बाळंतिणीशिवाय कुणाला टाके घालू नयेत. मला ते पटणार नाही, पण मी ते पाळीन. फक्त तो निर्णय परिपत्रकाने यावा, प्रत्येक राज्य कौन्सिलमार्फत प्रत्येक हॉस्पिटलच्या अधीक्षकांना पोचावा, आणि कॅज्युअल्टीतल्या फोनच्या वरच्या भिंतीवर कन्नडमध्ये, मराठीत, ज्या त्या भाषेत लावला जावा, म्हणजे पलीकडून ‘तेवढे दोन टाके घालून टाका’ असं ऐकू आलं, की तिथे उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला तो वाचून दाखवता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत परिचारिका
म्हैसूर